काडीच्या हातचा डबा

लहानपणी गल्लीतली पोरं त्या दोघांना काडी-पेटी म्हणायची. भाऊ काडीसारखा सुकलेला, बहीण पेटीसारखी चौकोनी, आणि दोघं एकत्र आली की भांडणाचा भडका ठरलेला. पुढे गल्ली सुटली, आई गेली, बहिणीचं लग्न झालं, चार वर्षांत नवरा गेला, आणि भाऊ तिच्या दोन खोल्यांत राहायला आला. नावं मात्र चिकटली ती चिकटलीच. आता काडी एकेचाळीसचा होता, पेटी सत्तेचाळीसची, आणि काडीच्या दोन्ही किडन्यांनी दोन वर्षांपूर्वी कामातून अंग काढून घेतलं होतं.

आठवड्यातून तीन सकाळी तो डायलिसिसला जायचा. चार तास मशीनला बांधलेला असायचा, दुपारी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि संध्याकाळी उठायचा तेव्हा तो आपला भाऊ आहे हे पेटीला क्षणभर स्वतःला सांगावं लागायचं. दिवसाला पाणी मोजून एक लिटर. मीठ जवळजवळ नाहीच. त्याला किडनी देणारं पेटीशिवाय कोणी नव्हतं. तिचं रक्त जुळलं, बाकीच्या सतरा तपासण्या जुळल्या. घोडं अडलं ते वजनापाशी.

"शहाऐंशी किलोवर मी सुरी लावणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढचं आयुष्य तुम्हाला एका किडनीवर काढायचंय. चौऱ्याहत्तरच्या आत या. तीन महिने देते."

गंमत अशी की पेटीची नोकरीच वजनाची होती. गावाबाहेर खडीचा डेपो होता, तिथल्या गाड्यांच्या काट्यावर ती बसायची. ट्रक रिकामा आला की त्याचं वजन, भरून निघाला की पुन्हा वजन, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरलं तर गाडी माघारी. पंधरा वर्षांत तिने एकही जड गाडी सोडली नव्हती. बारा टनांची लबाडी डोळ्यांनी ओळखणाऱ्या बाईला बारा किलो म्हणजे काय मोठंसं, असं तिला वाटलं. असं सगळ्यांना पहिल्याच दिवशी वाटतं.

आहारवाल्या बाईंनी एक कागद दिला. सकाळी दूध आणि फळ, दुपारी डब्यात दोन अंडी, भात, भाजी, कडधान्य, दही, चार वाजता मूठभर शेंगदाणे, रात्री पुन्हा पोटभर जेवण, आणि रोज पाऊण तास चालणं. पेटीने कागद दोनदा वाचला. "एवढं खाऊन वजन उतरतं होय? मग मी आजवर काय उपास करून शहाऐंशीची झाले?" ती म्हणाली. काडीने कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवला.

डबा करण्याचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. स्टुलावर बसून तो भाजी चिरायचा, मध्ये दम लागला की सुरी खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. डायलिसिसच्या दिवशी पाचला उठून डबा करायचा आणि मग बस पकडायचा. पेटी ओरडायची, की बाबा रे, मला हात आहेत. तो म्हणायचा, "तू मला किडनी देणार, मी तुला भाजी देतोय. आवळा देऊन कोहळा काढतोय, काढू दे की."

पहिला महिना चांगला गेला. पेटी संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारायची, काडी अंगात त्राण असेल तेव्हा बाकावर बसून तिच्या चपला सांभाळायचा आणि प्रत्येक फेरीला एक बोट वर करायचा. साडेचार किलो उतरले. डेपोतली माणसं म्हणाली, ताई, चेहरा उतरलाय. तिला ते बोलणं फार आवडलं.

मग वजन थांबलं. साडेएक्याऐंशीला जे बसलं ते हलेना. आठवडा गेला, दुसरा गेला. फेऱ्या तेवढ्याच, डबा तोच, पाय रोज आदल्या दिवसापेक्षा जड. सकाळी उठल्या उठल्या ती घरच्या काट्यावर उभी राहायची आणि तोच आकडा बघून तिचा दिवस तिथेच संपायचा. उरलेला नुसता काढायचा असायचा. चालायला जायची वेळ झाली की तिला रडू यायचं. जायची, पण मनाला मानगुटीला धरून न्यावं लागायचं. आहारवाल्या बाई म्हणाल्या, असं होतं, अंग सवय करून घेतं, घाबरू नका, खाणं तोडू नका. पण बाईंना तीन महिने मोजायचे नव्हते. बाईंचा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला नव्हता.

तेव्हा पेटीने जे केलं ते तिच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावं.

काट्यावर गाडी हलकी दाखवायची असेल तर ड्रायव्हर काय काय करतात हे तिला पाठ होतं. स्टेपनी उतरवून ठेवायची. अवजारांची पेटी मित्राकडे द्यायची. पिण्याच्या पाण्याचे कॅन ओतून टाकायचे. आणि सगळ्यात सोपं म्हणजे टाकीत डिझेल नावापुरतं ठेवायचं. असले ड्रायव्हर ती बोटावर मोजून दाखवायची आणि खिडकीतून असं काही सुनवायची की पुढच्या खेपेला ते स्टेपनी लावून यायचे. त्याच बाईने एका मंगळवारी काडीने केलेला डबा उघडला, त्याच्याकडे बघितलं, झाकण लावलं आणि रिव्हर्समामाला हाक मारली.

रिव्हर्समामा म्हणजे डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. तीस वर्षं ट्रक चालवून त्याला अजून सरळ मागे घेता येत नव्हता, म्हणून हे नाव. बायको मुलीकडे गेल्यापासून तो दुपारी बिस्किटांवर भागवायचा.

"मला पथ्य आहे, मामा," पेटी म्हणाली. "घरचं आहे, टाकवत नाही. तुम्ही खा."

मामा कशाला नाही म्हणेल. तो खिडकीबाहेरच्या पायरीवर बसून खायचा, डबा नळाखाली धुवून परत द्यायचा आणि म्हणायचा, "छान आहे, ताई. मीठ तेवढं विसरता तुम्ही." मग ती रिकामा डबा घेऊन घरी जायची, आणि काडी डब्यात डोकावून समाधानाने म्हणायचा, "संपवलास."

"संपवला," ती म्हणायची. संपला होता हे खरंच होतं.

हळूहळू रात्रीचं जेवणही गेलं. काडी लवकर झोपायचा, कोण बघतंय. पोटाला चिमटा घेणं तिला नवं नव्हतं. नवरा गेल्यानंतरची दोन वर्षं तिने तशीच काढली होती. दुपारी पोटात कावळे ओरडायचे, ती पाणी प्यायची, कावळे गप्प बसायचे. उपासाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर तर ते ओरडायचेही बंद झाले, आणि तिला वाटलं, जिंकले.

आकडा मात्र धावत सुटला. एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर, सत्त्याहत्तर. आता चालताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, तरी ती चालायची. केस गळायचे, ते ती मोरीच्या जाळीत अडकायच्या आत गोळा करायची. एकदा तिने रिकामी गाडी भरलेली समजून माघारी पाठवली आणि ड्रायव्हर तिच्याकडे बघतच राहिला. तिन्हीसांजेला पायऱ्या चढून घरी जाताना ती मधल्या वळणावर बसायची. वरच्या खोलीत एक थकलेलं माणूस आणि मधल्या पायरीवर दुसरं. कोणी कोणाला सांगत नव्हतं.

डेपोचा काटा दहा-दहा किलोंनी मोजतो. माणसाच्या वजनासाठी तो काही कामाचा नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार. तरी रोज सुटताना ती त्या लांबलचक लोखंडी पाट्यावर एकटीच उभी राहायची आणि खिडकीतून आतला आकडा वाचायची. सुरुवातीला नव्वद दाखवायचा. मग कितीतरी दिवस ऐंशी. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्याने सत्तर दाखवला. पंचाहत्तरच्या आत आलं की तो सत्तरच दाखवणार, यात विशेष काही नव्हतं. पण ती पाट्यावर उभी राहून हसली, आणि हसतानाच तिला खाली बसावं लागलं.

सोमवारी रक्त दिलं. बुधवारी दोघं डॉक्टरीणबाईंपुढे बसले. काडी डायलिसिस आटोपून आला होता, दंडावर पट्टी, चेहरा राखेचा. तरी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा," डॉक्टरीणबाईंनी वाचलं. "वजन जवळजवळ आलंय." मग दुसरा कागद वाचला आणि जुना काढून त्याच्या शेजारी ठेवला. "तीन महिन्यांपूर्वी तुमचं हिमोग्लोबिन साडेबारा होतं. आता नऊ आहे. प्रोटीन खाली गेलंय. तुम्ही खाता काय?"

उत्तर काडीने दिलं. तो जणू याच प्रश्नाची वाट बघत होता. खिशातून त्याने घडी पडलेला कागद काढला, कपाटावरचाच, तेलाचे डाग पडलेला, आणि पुढे ठेवला. "हे सगळं, मॅडम. यातलं काही चुकवलं नाही. मीच करतो डबा. दोन अंडी, कडधान्य वाटीभर, दही. तीन महिने. एक दिवस खाडा नाही." हे सांगताना तो ताठ बसला होता. किती दिवसांनी ताठ बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी पेटीकडे बघितलं. पेटीने टेबलाकडे बघितलं. आणि काडीने दोघींकडे बघितलं, आणि त्याचा हात त्या कागदावर तसाच राहिला.

"उपाशी बाईच्या अंगातून मी काही काढून घेत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कीव नव्हती त्यात. "टेबलावर तुम्हाला काही झालं तर यांनी ती किडनी घेऊन कसं जगायचं, हा विचार केलात का? दोन महिने पुढे. खा, औषध घ्या, चाला. मध्ये वजन थोडं वाढलं तरी घाबरू नका. रक्त भरून या."

दोन महिने म्हणजे आणखी सव्वीस डायलिसिस. पेटीने हिशेब खुर्चीवरून उठायच्या आधीच केला होता. आपल्या मूर्खपणाचं वजन तिला एकदम अचूक कळलं, त्याला दहा किलोंचा काटा लागला नाही.

बसस्टॉपवर दोघं उभी राहिली. दोन बस गेल्या. काडीला गर्दीच्या बसमध्ये चढायची ताकद नव्हती आणि पेटीला बोलायची.

"कोण खात होतं?" शेवटी त्याने विचारलं.

"रिव्हर्समामा."

"रोज?"

"रोज."

काडी समोरच्या दुकानाची पाटी वाचत राहिला. "त्याला मीठ कमी वाटत असेल," तो म्हणाला. "मला चव कळत नाही आता. अंदाजाने टाकतो."

"तो म्हणायचा छान आहे."

"पाचला उठायचो गं पेटे." एवढंच म्हणाला. आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. भांडणाचा भडका उडाला असता, दोघं लहानपणासारखी ओरडली-बिरडली असती आणि घरी गेली असती. पण त्याच्यात भडकायला काही उरलंच नव्हतं. "मला दुसरं काय करता येतं? कामावर जाता येत नाही, पिशवी उचलता येत नाही. दिवसातून एक डबा करता येतो. तेवढं तरी माझं म्हणून तुझ्या पोटात जातंय, असं वाटायचं."

पेटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिसरी बस रिकामी होती, तीत ती दोघं बसली.

दुसऱ्या दिवशी काडीने डबा केला नसेल असं तिला वाटलं होतं. डायलिसिस नव्हतं, तरी पाचला स्वयंपाकघरात सुरीचा आवाज आला. कपाटावर कागद पुन्हा चिकटवलेला होता.

डेपोवर दुपारी मामा सवयीने पायरीशी आला, तेव्हा पेटीने त्याला सगळं सांगितलं. म्हातारा उभ्याचा खाली बसला. "म्हणजे मी तुमच्या आजारी भावाच्या हातचं खाऊन ढेकर देत होतो? आणि वर मिठाला नावं ठेवत होतो?" डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. "ताई, तुम्ही मला किती वेळा बोलला असाल, टाकी रिकामी ठेवून काट्यावर येऊ नका म्हणून. एकदा तसाच निघालो होतो, चढावर गाडी बंद पडली, मागे अख्खी रांग. आणि गाडी मागे घ्यायची म्हटली तर मी हा असा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? भावाला द्यायचं तर आधी तुमच्यात नको का?"

"कळलं, मामा."

"कळून काय उपयोग. खा माझ्यासमोर."

त्या दिवसापासून तो आपला डबा आणायला लागला. शेजारणीकडून करून घ्यायचा. खिडकीच्या आत पेटी, बाहेर पायरीवर मामा. तिचं झाकण उघडल्याशिवाय तो आपलं उघडत नसे.

उपाशी राहणं एक वेळ सोपं, खाणं कठीण, हे पेटीला त्या दोन महिन्यांत कळलं. भूक मेली होती. अंडं तोंडात फिरत राहायचं. तीन घासांत पोट गच्च व्हायचं आणि डब्यात अजून अर्धं उरलेलं असायचं, चिरलेल्या भाजीचे तुकडे एकसारखे, कारण काडी सावकाश चिरायचा. ती ते तुकडे बघायची आणि चावायची. आणि आकडा चढला. आधी पाव, मग अर्धा, पंधरा दिवसांत दीड किलो. इतके दिवस उपाशी राहून घालवलेलं वजन एकेका चमच्याने परत येतंय असं तिला रोज सकाळी वाटायचं. तिने काडीला सांगितलं. काडीने घरचा काटा उचलला आणि आपल्या पलंगाखाली ठेवला. "रविवारी मागून घे," तो म्हणाला. "रोज विचारायला तो काय जावई आहे?"

चालणं सुरूच होतं. उत्साह वगैरे कधीच संपला होता. ती चालायची कारण सहा वाजायचे. काही संध्याकाळी ती तीनच फेऱ्या मारून बाकावर बसायची आणि काडी म्हणायचा, तीन तर तीन, उद्या घाल भर. काही संध्याकाळी तोच यायचा नाही, आणि त्या दिवशी ती चपला हातात घेऊन चालायची, बाकावर कोणी नाही हे बघायला नको म्हणून मान खाली घालून. पाचव्या आठवड्यात एकदा चालता चालता तिला जाणवलं की डोळ्यांपुढे काजवे येऊन बरेच दिवस झाले. सहाव्या आठवड्यात दुपारी बाराला पोटात कावळे ओरडले. तिने घड्याळ बघितलं, मामाची वाट न बघता डबा उघडला, आणि मामाने तिला त्याबद्दल बोलून घेतलं.

पुन्हा सोमवार आला, रक्त दिलं. मंगळवारी संध्याकाळी तिने पलंगाखालून काटा ओढला. चौऱ्याहत्तर पूर्णांक चार.

काडी झोपला होता. दिवस डायलिसिसचा नव्हता, तरी आताशा मधल्या दिवशीही तो पडून असायचा. पाय सुजले होते. ओट्यावर तिचं ताट झाकून ठेवलेलं होतं. भात, भाजी, कडधान्याची वाटी, मासळीचा तुकडा. ती ताटासमोर उभी राहिली. हे ताट सोडलं, सकाळी पाणी प्यायलं नाही, तर उद्या त्र्याहत्तर पूर्णांक काहीतरी. आत. नियमात. रक्त तर आधीच देऊन झालंय, एका रात्रीने त्याला काय फरक पडतो? ताट पिशवीत ओतून कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घातलं तर कोणाला कळणार नव्हतं. काडीला कळणार नव्हतं. मामाला नाही, डॉक्टरीणबाईंना नाही. पंधरा वर्षांत तिने शेकडो ड्रायव्हर पकडले होते. या एका गाडीला पकडायला तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

आणि तिला भीती वाटत होती. उद्या चारशे ग्रॅमसाठी नाही म्हणाल्या तर? पुन्हा दोन महिने म्हणाल्या तर? त्या सुजलेल्या पायांना आणखी दोन महिने झेपणार नाहीत, हे तिला दिसत होतं. आतून काडीच्या श्वासाचा आवाज येत होता, जड, चढावरच्या गाडीसारखा.

तिने स्टूल ओढलं, त्याचंच, आणि खायला बसली. सावकाश खाल्लं. मासळीत मीठ नव्हतं. काटे काढले, वाटी बोटाने निपटली, ताट घासून उपडं घातलं. ओट्यावर बसून थोडा वेळ रडली, मग झोपली.

बुधवारी दवाखान्याच्या काट्याने चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा दाखवला. मागच्या वेळेइतकाच, अगदी दशांशापर्यंत. नर्सने तो लिहिला तेव्हा पेटीने डोळे मिटून घेतले. काडी डायलिसिसच्या खोलीतून अजून सुटला नव्हता, ती एकटीच आत गेली.

डॉक्टरीणबाईंनी आधी रक्ताचा कागद घेतला. "बारा पूर्णांक एक," त्या म्हणाल्या. मग वजनाचा. मग चष्मा काढला. "काल रात्री जेवलात?"

"हो."

"काय?"

पेटीने सांगितलं, मासळीच्या काट्यांसकट. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसल्या. "सहाशे ग्रॅमसाठी मी कोणाला परत पाठवत नाही," त्या म्हणाल्या आणि समोरची वही ओढली. त्यांनी तारीख सांगितली. एकोणीस दिवसांनंतरची.

बाहेर लांब बोळात काडी बाकावर बसला होता. दंडावर ताजी पट्टी, मान भिंतीला टेकलेली, मांडीवर डबा. पाचला उठून केलेला. पेटी त्याच्याकडे चालत आली, आणि तिचं तोंड उघडायच्या आत त्याने हात वर केला.

"आधी खा," तो म्हणाला.

"अरे, ऐक तर."

"नाही म्हणाल्या असतील तर तू खाणार नाहीस. हो म्हणाल्या असतील तर आनंदात खाणं विसरशील. मी ओळखतो तुला. खा."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. मुद्दाम समोरच्या भिंतीकडे बघत होता. पेटी त्याच्या शेजारी बसली. तिने झाकण काढलं, आणि त्या औषधाच्या वासात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांमध्ये, खायला लागली. दोन अंडी. कडधान्य. भाजीचे एकसारखे तुकडे.

डबा संपला तेव्हा त्याने तो तिच्या हातातून घेतला, तिरपा करून आत बघितलं, तळाशी बोट फिरवलं आणि झाकण लावलं.

"आता बोल," तो म्हणाला.

तिच्या तोंडात शेवटचा घास होता. तिने तो नीट चावून गिळला आणि मग तारीख सांगितली.